डेटाबेसचे उत्तर वाचता येऊ नये म्हणून

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालणारे डेटाबेसचे टूल लिहिण्याचा योग आपल्या नशिबी आला असेल, तर विचारणाऱ्यास उत्तर मिळावे परंतु त्याचा उलगडा होऊ नये, हे पथ्य आरंभापासून पाळावे.

रकान्यांची शीर्षके प्रथम गाळावीत. गेल्या आठवड्यात रत्नागिरीतील एका आंबा बागायतदाराचा हिशेब अशाच एका टूलमध्ये उघडला असता ‘देवगड|40|5|3|’ एवढीच ओळ उमटली. चाळीस पेट्या असाव्यात. पाच म्हणजे पेटीतले डझन की कितवी गाडी, आणि तीन म्हणजे डागी पेट्या की आणखी काही, हे टेबल बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो कधीच पुण्याला नोकरीस गेला.

रकाने वेगळे होतात ते या उभ्या रेघेनेच. मजकुरात कोणी दंड, म्हणजे वाक्याअखेरची रेघ, म्हणून तीच कळ दाबली, तर रकाना आपोआप वाढतो; तो वाढू द्यावा.

‘नल’ (म्हणजे नोंदच नसणे) आणि रिकामा मजकूर मात्र न चुकता सारखेच कोरे दाखवावेत. वरच्या ओळीतला शेवटचा रकाना वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या, रकमेचा निघाला. आता पट्टी अजून आलीच नाही, की ती आली आणि कोणी रक्कम न लिहिता एंटर दाबले? पहिले असेल तर वाशीला फोन करायचा, दुसरे असेल तर कपाटातले कागद उपसायचे. बागायतदाराने फोन केला आणि ‘पट्टी केव्हाच धाडली, तुम्ही हिशेब बघत नाही का?’ हे ऐकून घेतले. एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या टूलमध्ये यावर ‘डॉट नलव्हॅल्यू’ ही आज्ञा आहे, पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या टूलमध्येही तशी सोय आहे. परंतु आज्ञेची गरज आहे हे कोऱ्या जागेकडे पाहून कोणाला कसे कळावे? मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसचे टूल त्या जागी सरळ ‘नल’ असे छापते, त्याने कोणाचे काय बिघडले?

चांगली सोय केलीच, तर ती आतल्या खोलीत ठेवावी. एस्क्यूलाइटने 2020 मध्ये 3.33 या आवृत्तीत चौकटी आखणारी देखणी ‘बॉक्स’ पद्धत आणली, आणि न मागता मिळणारी पद्धत तेव्हा उभ्या रेघांचीच ठेवली.

न मागता मिळणारी पद्धत बदलली तर तिच्यावर विसंबलेल्या जुन्या स्क्रिप्ट मोडतील, ही सबब आता पुरे. आउटपुट टर्मिनलवर (माणसासमोरच्या पडद्यावर) चालले आहे की पाइपमध्ये (दुसऱ्या प्रोग्रामकडे), हे प्रोग्रामला ‘इझ-ए-टीटीवाय’ या एका फंक्शनने कळते. फाइलींची यादी देणारे साधे ‘एलएस’ टर्मिनलवर नावे रकान्यांत मांडते आणि पाइपमध्ये ओळीला एक नाव देते. मायएसक्यूएलही माणसासमोर चौकट काढते आणि पाइपमध्ये शीर्षकासह रकान्यांमध्ये नुसते टॅब घालते. हे ठाऊक असूनही न करणे म्हणजे निव्वळ आळस आहे, आणि त्याला परंपरा म्हणणे हा निलाजरेपणा. शीर्षके छापा, नलला नल म्हणा. उघड्याबोडक्या ओळी हव्या असणारा प्रोग्रामर आज्ञेमागे तसा एक फ्लॅग, म्हणजे पर्याय, सहज लिहील. हिशेब तपासायला बसलेल्या माणसाने त्याच्यासाठी मॅन्युअल का चाळावे?