मैयाची इच्छा आणि काकांची आंघोळ

माझी गरम पाण्याची बादली परिक्रमेत भेटलेल्या एका काकांनी नेली. परवाचीच गोष्ट आहे, आणि ती विसरायचा माझा अजिबात विचार नाही.

प्रस्तावना थोडक्यात उरकते. सासूबाईंची नर्मदा परिक्रमा राहून गेली होती, नवरा एक नोकरी सोडून दुसरी लागायच्या मधे मोकळा होता, मुलाची शाळा 'अनुभवातून शिक्षण' या नावाखाली बुडवली आणि चातुर्मास संपल्यावर भाड्याची गाडी करून आम्ही ओंकारेश्वरहून निघालो. नदी 1312 किलोमीटर लांब, दोन्ही काठ करायचे, मैया कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. एवढे नियम पुरेसे होते. नवऱ्याने त्यात स्वतःचा एक घातला: रोज रात्री प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. सुरुवातीला सगळ्यांनी सूर्यास्त सांगून घेतले. सूर्यास्त संपल्यावर मुलगा 'आज टिक्कड (त्या जाड रोट्या) जरा पातळ होते' इथवर आला आणि मी 'आज गाडीत कुणाला उलटी झाली नाही' इथवर.

तर बादली. महेश्वरच्या पुढचा एक आश्रम. पहाटेची बोचरी थंडी. अंगणात चुलाणावर भलंमोठं पातेलं, दर खोलीला एक बादली पाणी, आणि त्यासाठी अंधारात रांग. माझी बादली लाल होती आणि कडी तुटल्यामुळे तिला सुतळी बांधली होती. ती सुतळी बोटांत रुतवत मी ती न्हाणीघरापर्यंत आणली, कट्ट्यावर ठेवली आणि सासूबाईंना हाक मारायला गेले. परत येते तो कट्टा रिकामा, न्हाणीचं दार बंद, वरच्या फटीतून वाफ आणि आतून खणखणीत आवाजात स्तोत्र.

"काका, ती बादली आमची आहे."

"नर्मदे हर!"

"काका, बादली!"

"ताई, इथे आमचं-तुमचं काही नसतं. सगळं मैयाचं."

"रांगेत मी उभी होते."

"म्हणजे सेवा घडली तुमच्या हातून! लोक सेवेची संधी शोधत फिरतात." तांब्या ओतल्याचा आवाज.

"उरलंय का थोडं?"

"आता कसं सांगू? तोंडाला साबण लावलाय, डोळे मिटलेत."

आणखी एक तांब्या. डोळे मिटून त्यांना बादली मात्र बरोबर सापडत होती.

शेवटी काका बाहेर आले. गुलाबी, प्रसन्न, खांद्यावर पंचा. मला म्हणाले, "गार पाण्याने अंगाला तरतरी येते. संधी समजा."

"मग तुम्ही का नाही घेतली संधी?"

"माझं ते झालंय. मागच्या परिक्रमेत."

एवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "काय तेज आहे बघ चेहऱ्यावर!" अहो आई, ते तेज नव्हे, तुमच्या आंघोळीचं पाणी आहे ते.

काका तसे जुनेच. विमलेश्वरला, मैया समुद्राला मिळते तिथे, भेटले होते. तिथून बोटीने खाडी पार करून पलीकडे मिठी तलाईला उतरायचं असतं. बोट भरतीवर सुटते, आणि भरती काही आपल्याला विचारून येत नाही. सगळे ताटकळत होतो. सावलीची एकच जागा होती, तिथे काका बसले होते आणि उन्हातल्या आम्हा मंडळींना ड जीवनसत्त्वाचे फायदे सांगत होते.

हसा. पण मला एक सांगा, 'चांगलं तेवढं बघावं' हा उपदेश मला आत्तापर्यंत प्रत्येक वेळी अशाच माणसाने का केलाय, ज्याला गाडी थांबवून रस्त्याकडेला खुशाल उभं राहता येतं? आम्हाला आधी पेट्रोल पंप शोधावा लागतो. पंप सापडला की किल्ली शोधावी लागते. किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. म्हणून दुपारपर्यंत पाणी प्यायचं नाही, मग डोकं दुखतं, मग 'तुझी चिडचिड फार होते हल्ली'. रात्रीच्या सभेत मी हे मांडलं. नवरा म्हणाला, "अगं, पण चांगली गोष्ट सांगायची ना?" म्हटलं, मी अजून तुझ्याशी बोलतेय, ही लिहून घे.

चांगलं काही घडलं नाही असंही नाही. निमाडातल्या एका गावात एका आजींनी आमची गाडी अडवून आम्हाला चहा पाजला. पैसे घेईनात. आम्ही काही पायी चालणारे नव्हे, गादीवर बसून आलेले. तरी मला 'माताराम' म्हणत, पायांकडे बघून 'दुखतात का' विचारलं. मला काही सुचेना. हे मी रात्री सांगितलं नाही. सभेत वाया घालवायचं नव्हतं.

आता नेमावरला आलोय. नेमावर म्हणजे मैयाची नाभी, नदीचा मध्य मानतात तो. अजून जबलपूर, उगमाचं अमरकंटक आणि तिथून वळून ओंकारेश्वरपर्यंतचा दक्षिण तट बाकी. आज सकाळी सिद्धनाथाच्या देवळात काका समोर उभे! त्यांच्या गाडीचा क्लच गेला होता आणि बरोबरची मंडळी मिळेल त्या गाडीतून पांगली होती.

"मैयानेच गाठ घातली," काका म्हणाले. "तुमच्यात पाचवं माणूस मावेल ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "न मावायला काय झालं?"

काकांनी मुलाला अलगद मधे सरकवलं आणि उजवीकडची खिडकी धरली. तिकडून मैया दिसते म्हणे.