‘बाटली फेका, विषय संपला’ म्हणणाऱ्यांना

सध्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या (एए), म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना साथ देतात त्या सभांबद्दल एक मेसेज या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. “दारू सोडायला मीटिंगा कशाला? मनात आणलं तर आज सुटते. बाटली फेका, विषय संपला. तिथं देवदेव करायला लावतात, नाव चव्हाट्यावर येतं, पैसे काढतात, आणि जाणारे सगळे पुन्हा पितातच.” तो पुढे पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसंही आहेत. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण जाऊ की नको अशा घालमेलीत असलेल्या माणसाला हा मेसेज माघारी पाठवतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

“आज बाटली फेका.” सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते आणि वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून काम करायला सरावतो. दाब एकाएकी निघाला की तो जोर अंगावर येतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्यामुळे रोज पिणाऱ्याने दारू बंद करण्याआधी डॉक्टरांना गाठायचं. मीटिंगमध्ये हे काम होत नाही, कुणी तसा दावाही करू नये.

“मनात आणलं तर सुटते.” माझ्या दादाने मनात किती वेळा आणलं, ते घरात आम्ही मोजणं सोडून दिलं होतं. सकाळचा निश्चय खराच असायचा. संध्याकाळी सात वाजता तो एकटा पडायचा.

मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत असाच एकटा उभा होता. पाचेक महिने दारू सुटलेली, धंद्याचं काम फसलेलं, आणि शेजारीच बार. तो फोनकडे वळला. दारूशी झगडणारा दुसरा कुणीतरी बोलायला मिळावा म्हणून त्याने फोन लावत जाऊन शोध घेतला आणि अखेर त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. एए तिथून सुरू झाली. निश्चय त्याच्याकडेही होताच की! तरी त्याला सोबत लागली.

“नाव चव्हाट्यावर येतं.” दादाही याच भीतीने सभेच्या जागेच्या जिन्याखाली वीस मिनिटं थांबला होता, मी शेजारी. चप्पल काढायची की परत फिरायचं, इतकंच चाललं होतं. वरून एक गृहस्थ उतरले. “पहिल्यांदाच का? मीही इथंच उभा होतो. मागे बसा, बोलायची सक्ती नाही.” आडनाव विचारलं नाही, कुठे नोकरी करता तेही नाही. दादा त्या दिवशी तासभर फक्त ऐकत बसला. निनावीपणा संस्थेच्या नावातच आहे, ‘अॅनॉनिमस’ म्हणजे निनावी. खुल्या सभेला कुणीही येऊन बसू शकतं, बंद सभा मात्र ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच असते. बाहेर कुणी कधीच बोलणार नाही याची हमी कोण देणार? पण समोर बसलेल्या प्रत्येकाचं गुपितही तेच असतं, हे विसरू नका.

पैशाचं म्हणाल तर एएमध्ये फी नाही. सभेत वर्गणीसाठी पिशवी फिरते, ऐच्छिक. बाहेरच्यांकडून देणगी ते घेत नाहीत.

“देवदेव.” यात थोडं तथ्य आहे आणि ते नाकारणार नाही. एएची दारू सोडण्याची वाट ज्या बारा पायऱ्यांत मांडली आहे, त्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो, ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी मोकळीक देऊन. बऱ्याच सभांत प्रार्थनाही होते. पण सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. तरीही जमत नसेल तर देवाशिवाय चालणारे गट आहेत. त्यांपैकी स्मार्ट रिकव्हरी 1994 पासून विचार आणि सवयी बदलण्याच्या तंत्रांवर काम करते.

“सगळे पुन्हा पितातच.” 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास, म्हणजे 10,565 लोकांची माहिती, एकत्र तपासली. लोकांना एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने 42 टक्के लोक दारूपासून पूर्ण दूर होते, इतर उपचारांनंतर 35 टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांना तेवढं जमलं नाही, हेही खरंच. पण ‘सगळे’ हा शब्द साफ खोटा आहे. आणि घसरलेल्याला पुढच्या सभेत खुर्ची असते, त्याला कुणी हाकलत नाही.

एका सभेवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो, दादाला तिसऱ्या ठिकाणी रुळायला झालं. बाहेर पडणं अवघड असेल तर ऑनलाइन सभा आहेत. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अॅनॉन आहे. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता, मी तशीच गेले होते. एएच्या हेल्पलाइनवर पुष्कळदा असाच कुणी बोलतो ज्याची स्वतःची दारू सुटलेली असते. त्याला सगळी कहाणी सांगत बसायची गरज नाही. “पहिल्यांदाच येतोय, जवळची खुली सभा कधी आहे?” एवढं विचारलं की पुरे.