ग्राफिक्स कार्डाच्या आधी स्क्रीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी मुद्दा सांगतो. रोजची साधी कामं आणि अधूनमधून फोटो एडिटिंग, एवढ्यासाठी लॅपटॉप घेताना पैसे आधी स्क्रीनवर आणि रॅमवर घालावेत, वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्रांचं काम सांभाळणारी स्वतंत्र चिप) नसलं तरी चालेल, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा सल्ला लोकांना भलत्याच वाटेला लावतो. फोटोचं काम म्हटलं की ग्राफिक्स कार्ड हवंच, म्हणून सरळ गेमिंग लॅपटॉप घ्यावा. स्क्रीन किती टक्के रंग दाखवते याचा नुसता कीस पाडण्यात अर्थ नाही, कारण शेवटी फोटो सगळे फोनवरच पाहतात. आणि हलक्या वापराला १६ जीबी रॅम ही उधळपट्टी आहे. धाकट्या बहिणीलाही तुम्ही याच हिशेबाने लॅपटॉप सुचवणार आहात.

स्क्रीनपासून सुरुवात करतो, कारण माझा खरा आग्रह तिथेच आहे.

फोटो फोनवर पाहिले जातात, हे अगदी खरं. पण पाहणाऱ्याची स्क्रीन वाईट असेल तर फोटो त्याच्यापुरता वाईट दिसतो, फाइल जशीच्या तशी राहते. एडिट करणाऱ्याची स्क्रीन वाईट असेल तर तिचा दोष फाइलमध्ये उतरतो आणि फोटो जिथे जाईल तिथे सोबत जातो.

हे कसं घडतं ते सांगतो. स्वस्त पॅनेलच्या (स्क्रीनमधल्या चित्र दाखवणाऱ्या भागाच्या) माहितीत बऱ्याचदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं मानक. आज वेबवरचे बहुतेक फोटो ज्या एसआरजीबी रंगपटात (ठरावीक रंगांच्या संचात) असतात, तो एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडला. दोघांची सांगड घातली तर ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, आणि ४५ टक्के म्हणजे त्याचा जेमतेम ६० ते ६५ टक्के भाग. उरलेले रंग ती स्क्रीन दाखवूच शकत नाही. त्यातही लाल रंगाची दशा वाईट. तो फिका आणि नारिंगीकडे झुकलेला दिसतो.

अशा स्क्रीनवर चेहऱ्याचा फोटो उघडला की त्वचा निस्तेज वाटते. मग माणूस सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवत नेतो, चेहरा ठीक दिसेपर्यंत. तोच फोटो चांगल्या ओएलईडी फोनवर गेला की चेहरा लालबुंद. रंगीत काचेचा चष्मा लावून कापडाचा रंग निवडावा, तसं हे होतं. तुम्ही म्हणता ते फोनवर पाहणारे लोक हाच लालबुंद चेहरा पाहणार आहेत. म्हणून तुमचा मुद्दा मला माझ्याच बाजूचा वाटतो.

‘कॅलिब्रेशन (उपकरणाने स्क्रीनचे रंग मोजून जुळवणं) करून घेता येईल’ असंही तुम्ही लिहिलंत. कॅलिब्रेशन जरूर करावं, चांगल्या स्क्रीनवरही करावं. पण ते स्क्रीनकडे असलेले रंग जागेवर आणतं. जे रंग पॅनेलमध्ये नाहीतच, ते कुठलंही उपकरण निर्माण करू शकत नाही. आणि पॅनेल टीएन या स्वस्त प्रकारचं असेल तर आणखी एक त्रास. स्क्रीन जरा मागेपुढे कलली की फोटोतल्या सावल्या उजळतात किंवा काळवंडतात. मग एक्सपोजर बरोबर आहे की नाही, हे ठरवायचं कशावर? आयपीएस आणि ओएलईडी या पॅनेलच्या चांगल्या प्रकारांमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

आता गेमिंग लॅपटॉप. वरच्या श्रेणीतल्या गेमिंग लॅपटॉपच्या स्क्रीन उत्तम असतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हलक्या वापराच्या बजेटमध्ये जे बसतात, त्यांत पैसा ग्राफिक्स कार्डात जातो आणि काटकसर बऱ्याचदा नेमकी स्क्रीनवर होते. १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी स्क्रीन) हे ठळक अक्षरात, रंगांचा आकडा कुठेतरी खाली, आणि तो पुष्कळदा तोच ४५ टक्के एनटीएससी. स्थिर फोटोला १४४ हर्ट्झचा काय उपयोग? शिवाय वजन, जाडजूड चार्जर, पंख्यांचा आवाज, आणि बॅटरीवर असताना मंदावणारं ते ग्राफिक्स कार्ड. ज्याचा नव्वद टक्के वेळ ईमेल, कागदपत्रं आणि ब्राउझरमध्ये जाणार आहे, त्याने हे सगळं रोज का वागवायचं, याचं उत्तर मला तुमच्या प्रतिक्रियेत सापडलं नाही.

ग्राफिक्स कार्ड फोटोसाठी निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. लाइटरूम या अ‍ॅडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे पुसणारी सोय) हे त्याचं ठळक उदाहरण. चांगलं कार्ड असेल तर एक फोटो काही सेकंदांत होतो, प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर तेच काम मिनिटांवर जातं. अंधारात काढलेले शेकडो फोटो दर आठवड्याला साफ करणाऱ्याने कार्ड घ्यावंच. व्हिडिओ एडिटिंग नियमित असेल तरी घ्यावं. पण क्रॉप, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, कर्व्ह्ज, थोडंफार डाग पुसणं, एवढं काम आजचे प्रोसेसर अंगच्या ग्राफिक्सवर आरामात करतात. ‘अधूनमधून’ हा शब्द मी लेखात वारंवार वापरला, तो याचसाठी.

रॅमच्या बाबतीत आकडेमोडच करून पाहू. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकाचे तीन रंग, १६ बिटच्या एडिटिंगमध्ये प्रत्येक रंगाला दोन बाइट. गुणाकार केला तर १४४ एमबी. डिस्कवर फाइल लहान दिसते कारण ती दाबून भरलेली असते; रॅममध्ये ती पूर्ण उलगडते. फोटोशॉपमध्ये त्याच आकाराचा दुसरा लेयर घेतला की आणखी १४४ एमबी, तिसरा घेतला की तेवढेच पुन्हा, आणि मागे जाता यावं म्हणून ठेवलेला इतिहास वेगळाच. त्यात अंगचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी याच रॅममधून घेतं. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब यांनी आधीच बरीच जागा अडवलेली असते. अ‍ॅडोबीदेखील लाइटरूम क्लासिकसाठी ८ जीबी ही किमान गरज सांगते आणि शिफारस १६ जीबीची करते.

तरीही ‘आता ८ घ्या, पुढे वाढवा’ हा तुमचा सल्ला मी मानला असता, जर रॅम पुढे वाढवता आली असती तर. कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. घेताना जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. मोकळा स्लॉट असलेलं मॉडेल असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, तिथे मीही ८ वर सुरुवात करायला सांगेन. मात्र रॅमची दुसरी पट्टी लवकर टाका, कारण एकाच पट्टीवर रॅममधून माहिती ने-आण करण्याचा मार्ग अर्धाच रुंद राहतो आणि त्याचा फटका अंगच्या ग्राफिक्सला बसतो.

एसएसडी आणि प्रोसेसरवरून आपला वाद नाहीच. ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) पुरे, ईएमएमसी (स्वस्त, संथ साठवण) टाळावी, बस.

राहिली तुमची बहीण. तुम्ही लिहिलंय की तिला ऑफिसची कामं आणि महिन्यातून एखाद्या वेळी सहलीचे फोटो नीट करायचे असतात. ती व्हिडिओ एडिट करते का, एवढं तिला विचारा. व्हिडिओ नसेल, तर गेमिंग मॉडेलवर जाणारे जादा पैसे वाचवून १०० टक्के एसआरजीबी, ३०० निट्स (उजेड मोजण्याचं एकक) किंवा जास्त ब्राइटनेस आणि १६ जीबी रॅम असलेला हलका लॅपटॉप तिला घेऊन द्या. गेमिंग लॅपटॉप आधीच घेतला असेल आणि स्क्रीन फिकी निघाली, तर तो बदलू नका. एसआरजीबी पूर्ण दाखवणारा एक आयपीएस मॉनिटर त्याला जोडा आणि रंगांचे निर्णय त्या मॉनिटरवर घ्यायला सांगा. दोन्हींपैकी काहीही झालं, तरी फोटो एडिट करताना नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद ठेवायला तिला आवर्जून सांगा.