रबर थकतं: एका फिरत्या संदेशातले चार सल्ले तपासू

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक पट्ट्यातल्या मेंटेनन्सवाल्यांत हा संदेश फिरतोय: ‘रबर लोखंडासारखं थकत नाही. मऊ आहे तोवर चालवा. मधूनमधून बोल्ट ढिले करून त्याला आराम द्या. बदलताना जास्त कडक घ्या. भेग दिसली तर ग्रीस लावा.’ व्हायब्रेटिंग स्क्रीनचे (थरथरत्या चाळणीचे) पॅड, इंजिन माउंटिंग, कपलिंगचे (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाचे) रबर यांवर हे सल्ले वापरले तर नुकसानच होईल.

‘मऊ आहे तोवर चालवा.’ नव्या रबरातही मजबुतीसाठी घातलेल्या काजळीची गुठळी, कापताना पडलेली चीर असे साधारण ०.०२ ते ०.०५ मिमीचे दोष असतात. प्रत्येक हेलकाव्यासोबत त्यांतली एखादी चीर थोडी वाढते, हेच रबराचं थकणं. बहुतेकदा ती धातूला चिकटलेल्या कडेला सुरू होते आणि तिथे अंगठ्याने दाबून काहीच कळत नाही. भार उतरवा, पॅड उलट बाजूला वाकवा आणि टॉर्चने ती कड पाहा.

‘बोल्ट ढिले करून आराम द्या.’ सर्वांत घातक सल्ला हाच. नैसर्गिक रबर ताणलं की त्याचे रेणू एका दिशेत येऊन भेगेच्या टोकाशी स्फटिक तयार होतात आणि भेग अडते. ताण शून्यावर आला की स्फटिक विरघळतात, पुढच्या हेलकाव्यात भेग पुन्हा सरकते. म्हणून कमाल ताण तेवढाच असला, तरी शून्यापर्यंत येणारा हेलकावा किमान ताण राखणाऱ्या हेलकाव्यापेक्षा वाईट. ढिला बोल्ट नेमका हा किमान ताण काढून घेतो. (एसबीआर, म्हणजे स्टायरीन-ब्युटाडाईन हे कृत्रिम रबर, असं स्फटिकत नाही, त्याला हा फायदा मिळत नाही.) मशीन बंद ठेवल्यानेही भेग बुजत नाही.

‘जास्त कडक घ्या.’ आधी पाहा, ठरलेलं काय आहे? बल ठरलेलं असेल तर कडक रबर कमी ताणलं जातं, जास्त टिकू शकतं. पण हालचाल ठरलेली असेल, जसं कपलिंगचं मिसअलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत नसणं), तर कडक रबरात जास्त ऊर्जा साठते आणि भेग वेगाने वाढते. नैसर्गिक रबर दुप्पट ताणलं गेलं की ऊर्जा साधारण चौपट होते, भेगेचा वेग सुमारे सोळापट. अशा वेळी शोअर (रबराच्या कडकपणाचं माप) वाढवू नका, अलाइनमेंट सुधारा.

संदेशात उष्णतेचा उल्लेखही नाही, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रबर उष्णता नीट बाहेर सोडत नाही, म्हणून जाड पॅडचा गाभा पृष्ठभागापेक्षा जास्त तापतो. ० ते १०० अंशांदरम्यान काजळी न घातलेल्या एसबीआरचं आयुष्य प्रयोगांत सुमारे १०,००० पटींनी घटलं, नैसर्गिक रबराचं साधारण चौपटच. शेडबाहेरच्या जागेसाठी रबर निवडताना हा फरक विचारात घ्या.

‘भेगेवर ग्रीस लावा.’ खनिज तेलाचं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवून कमजोर करतं. तेलाशी संबंध येत असेल तिथे नायट्राइल हे तेलाला टिकणारं कृत्रिम रबर वापरा. ताणाच्या आडव्या दिशेत बारीक भेगांची रांग दिसली तर कारण बहुधा ओझोन असतो. त्यापासून बचाव करणारं मेण आणि रसायनं रबर बनवतानाच मिसळावी लागतात. धातूच्या कडेची भेग असेल तर पूर्ण संच बदला, कारण एकच नवा पॅड उंच राहून बाकीच्यांचा भार स्वतःवर घेतो.