अकरावा प्रश्न

लेक साडेचार वर्षांची असताना तिच्या सहा दातांवर एकदम उपचार करावे लागले. दोन दाढांना कॅप, दोन दाढांत सिमेंट, आणि वरचे समोरचे दोन दात तर काढूनच टाकले. पहिल्या तपासणीला आम्ही दोघंही खुर्चीशेजारी उभे होतो. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा फिरवला, मान वर केली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "आई, लक्ष नसतं का तुमचं?"

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं.

रात्रीची बाटली मी देत होतो. बायकोची रात्रपाळी असायची, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस पोरगी आणि मी दोघंच घरी. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली की पंधरा मिनिटांत गाढ झोपायची. बाटली काढून घ्यायला गेलो तर जागी व्हायची, म्हणून काढायचोच नाही. हे साडेतीन वर्षांपर्यंत चाललं. बायकोला सगळं माहीत होतं, तरी ती डॉक्टरांसमोर एक शब्द बोलली नाही. घरी येताना मात्र रडली. मी गाडी चालवण्यात फार लक्ष आहे असं दाखवत राहिलो.

दुसऱ्या खेपेला बाहेर बाकावर बसलो असताना एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं एक फॉर्म हातात दिला. कुणाच्या तरी अभ्यासासाठी भरून हवा होता. नंतर कळलं की ही २००७ साली अमेरिकेत तयार झालेली प्रश्नावली आहे, 'इकोहिस' म्हणतात तिला. लहान मुलांच्या दातांच्या दुखण्याचा त्यांच्या रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे त्यातून मोजतात. एकूण तेरा प्रश्न. उत्तरं 'कधीच नाही'पासून 'फार वेळा'पर्यंत.

किती दात किडलेत, दिवसातून किती वेळा घासता, असलं त्यात काहीच नव्हतं. पहिले नऊ प्रश्न मुलाबद्दल होते. दात, तोंड, जबडा दुखतो का. गरम-थंड पिताना त्रास होतो का. खाताना? शब्द उच्चारताना? शाळा बुडते का, झोप मोडते का, चिडचिड होते का. आणि मग दोन प्रश्न, जे वाचून मी पेन खाली ठेवलं: दातांमुळे मूल हसायचं टाळतं का? बोलायचं टाळतं का?

तोवर आम्ही समजत होतो की आमची मुलगी स्वभावानं हळू खाणारी आहे. घास तोंडात धरून बसायची, तर आम्ही ओरडायचो. एकाच बाजूनं चावायची. रात्री दोनदा-तीनदा उठायची, त्याला आम्ही 'वाईट स्वप्नं' म्हणायचो. फोटोत ओठ मिटून उभी राहायची, तर सगळे म्हणायचे लाजाळू आहे हो. तिनं एकदाही "दाढ दुखते" असं सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? ज्या मुलाचं तोंड दीड-दोन वर्षं ठणकतच आहे, त्याला न ठणकणारं तोंड कसं असतं हेच माहीत नसतं. त्याला वाटतं, सगळ्यांचं असंच असतं. उपचारानंतर तिसऱ्या आठवड्यात ती सलग रात्रभर झोपली, तेव्हा बायको मध्येच उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघून आली.

उरलेले चार प्रश्न घरच्यांबद्दल होते. मुलाच्या दातांमुळे तुम्ही किंवा घरातलं कुणी अस्वस्थ झालं का, हा दहावा. अकरावा: तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला अपराधी वाटलं का? बारावा, कामावर रजा टाकावी लागली का. तेरावा, खर्चाचा भार पडला का.

म्हणजे ज्यांनी हा फॉर्म बनवला त्यांना ठाऊक होतं की चार वर्षांच्या मुलाचा दात त्याच्या एकट्याच्या तोंडात नसतो.

माझ्या आईचं निदान वेगळं. "आपल्या घराण्यातच दात कमजोर. तुझ्या आजोबांच्या तोंडात पन्नाशीला एक दात नव्हता." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, आणि ते फार सोयीचं आहे. घराण्याला कुणी फी भरायला सांगत नाही की जाब विचारत नाही. जबड्याची ठेवण, दातांची दाटी, काही अंशी इनॅमलचा, म्हणजे दातावरच्या कडक आवरणाचा, दर्जा हे वारशानं येतं, खरं आहे. क्वचित एखाद्या मुलाचं इनॅमल जन्मतःच कच्चं असतं. पण कीड ही वारशातली वस्तू नाही. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दात विरघळायला लागतो. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवलं होतं की गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच तो थर आम्लधर्मी होतो आणि पूर्ववत व्हायला साधारण अर्धा तास किंवा जास्त लागतो. म्हणून एका बैठकीत खाल्लेल्या मोठ्या तुकड्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं चघळलेलं गोड जास्त नडतं. झोपेत तर लाळही जवळजवळ आटते, त्यामुळे धुऊन काढणारं काही उरत नाही. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे वरचे समोरचे दात आधी जातात आणि खालचे वाचतात, कारण खालच्यांवर जीभ असते. आमच्या घरी अगदी पुस्तकात असतं तसंच झालं.

जंतूसुद्धा घरातूनच येतात, मुख्यतः जो मुलाला सांभाळतो त्याच्या लाळेतून. पण त्यावरून आईनं उष्टा चमचा दिला म्हणून कीड लागली, असा खटला उभा करणं मूर्खपणाचं आहे. वारंवार साखर मिळाली नाही तर ते जंतू फारसं काही करू शकत नाहीत.

मग घराण्यातून खरोखर काय येतं? माझ्या बाबतीत सांगतो. माझ्या वडिलांना दाताच्या डॉक्टरांची जबर धास्ती. गाल सुजला, डोळा बंद झाला तरी गोळी घेऊन पडून राहतील. आमच्या घरात डॉक्टर म्हणजे दात उपटणारा माणूस, आणि त्याच्याकडे जायचं ते अगदी सहन होईनासं झालं की. मीही तसाच वाढलो. लेकीच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसले तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. ती किडीची पहिली पायरी असते आणि त्या टप्प्यावर फ्लोराईडचा लेप लावून, बाटली थांबवून दात वाचवता येतात. मी ते पट्टे बघितले होते. आणि मनात म्हटलं, दुधाचेच दात, पडणारच आहेत.

हे "पडणारच आहेत" किती घरांत म्हटलं गेलं असेल! दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. नंतर येणाऱ्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. त्यांचं इनॅमल पातळ, म्हणून कीड आत लवकर पोचते. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास, कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागे एक नवी दाढ गुपचूप उगवते. ती पक्की असते, जन्मभराची. बहुतेक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात.

तर घराण्यातून आलं ते हे: भीती, टाळाटाळ, 'दुखल्याशिवाय जायचं नाही' हा नियम, रडणाऱ्या पोराला गोड देऊन गप्प करायची रीत. आणि घराचं वेळापत्रक. माझ्या मते सगळ्यात वजनदार हेच, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. मुलाचे दात रात्री झोपताना मोठ्यांनी घासायला हवेत, सात-आठ वर्षांपर्यंत, कारण त्याआधी मुलाचा हात तेवढा वळत नाही. फ्लोराईडची पेस्ट, तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे मटाराएवढी. दोन मिनिटांचं काम. पण ही दोन मिनिटं दिवसाच्या कुठल्या टोकाला येतात बघा. बारा तासांची पाळी करून आलेल्या, दोन पोरं आणि एक आजारी म्हातारा माणूस सांभाळणाऱ्या बाईच्या वाट्याला ती दोन मिनिटं येतात, पोर भोकाड पसरून बसलेलं असताना. तिला काय करायला हवं ते कळत नाही, असं समजून आपण तिला पत्रक वाटतो. पत्रकानं ज्ञान वाढतं. दिवसात तास वाढत नाहीत.

शिकलेल्या घरांतल्या मुलांचे दात सरासरीनं बरे असतात, हे जगभर दिसलेलं आहे. याचा अर्थ शिकलेले आईबाप जास्त माया करतात असा कुणी काढू नये. शिक्षणाबरोबर पगारी रजा येते, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची हिंमत येते, खोकल्याच्या औषधात साखर आहे का हे बाटलीवर वाचता येतं. आणि 'सहा महिन्यांनी परत या' म्हटल्यावर सहा महिन्यांनंतरचा दिवस आपल्या हातात असेल, असं वाटू शकतं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याचा उद्याच धड नाही, त्याला पुढच्या वर्षीच्या दाढेची काळजी करायला सांगणं ही थट्टा आहे.

बरं, हा फरक फक्त गरीब आणि श्रीमंत असा दोन तुकड्यांत नसतो. तो जिन्यासारखा असतो, प्रत्येक पायरीवर थोडा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा संशोधक आजवर पाठपुरावा करत आले आहेत. ती मुलं २६ वर्षांची झाल्यावर त्यांचे दात तपासले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात असं दिसलं की लहानपण ओढगस्तीत गेलेल्यांच्या दातांत कीड आणि हिरड्यांचे विकार जास्त, आणि मोठेपणी ज्यांची परिस्थिती सुधारली त्यांच्या बाबतीतही ते भरून निघालं नव्हतं. नोकरी लागली, घर झालं, पण तोंडात लहानपण शिल्लक.

मी हे वाचलं तेव्हा वडिलांची आठवण झाली. ते कधी दात दाखवून हसत नाहीत.

आता "सगळा दोष परिस्थितीचा, आईबाप मोकळे" असं मी म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. माझी परिस्थिती बरी होती. पैसे होते, रजा मिळू शकत होती, पट्टे डोळ्यांनी दिसत होते. मी आळस केला आणि घाबरलो. पण मला दुसरी संधी परवडली. जिथं परवडत नाही तिथं काय होतं याचं एक टोकाचं उदाहरण २००७ सालचं, अमेरिकेतल्या मेरिलँडमधलं. बारा वर्षांच्या एका मुलाच्या किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला आणि तो वारला. वेळेवर दात काढला असता तर वाचला असता. त्याच्या आईचा विम्यासाठी आणि डॉक्टर मिळवण्यासाठी आटापिटा चालला होता. तिला कुणी "लक्ष नसतं का तुमचं" असं विचारलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाच्या दातांत कीड असलेल्या मुलांचा आकडा ५१ कोटींच्या वर आहे. एवढ्या सगळ्या आया निष्काळजी असतील?

स्कॉटलंडनं यातून एक साधी वाट काढली. घरी वेळ नाही ना, मग बालवाडीत घासू. 'चाइल्डस्माइल' नावाच्या कार्यक्रमात बालवाडीतली पोरं रोज एकत्र, बाईंच्या देखरेखीखाली फ्लोराईडच्या पेस्टनं दात घासतात. मुलांमधली कीड बरीच घटली, आणि उपचारांचा वाचलेला खर्च कार्यक्रमाच्या खर्चापेक्षा जास्त निघाला. श्रीमंत-गरीब वस्त्यांमधलं अंतर कमी झालं तरी अजून मिटलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण कुणाच्या आईला बोल न लावता एवढं झालं.

आमच्या घरी काय बदललं? फार थोर काही नाही. बाटली आधीच सुटली होती. रात्रीचं घासणं माझ्याकडे आलं. डोकं माझ्या मांडीवर, तोंड वर, मी घासणार आणि ती नाकातून गाणं म्हणणार. पहिले दहा दिवस रणकंदन होतं. पहिल्या पक्क्या दाढा आल्याबरोबर त्यांच्या खाचा डॉक्टरांकडून बुजवून घेतल्या. (डॉक्टर बदलले, हे वेगळं सांगायला नको.) आजीला सांगितलं की गोड द्यायचं तर जेवणाबरोबर दे, मध्ये मध्ये नको. आजी म्हणाली, "माझ्या नातीला मी काय द्यायचं ते तू मला शिकवणार?" तो वाद अजून चालू आहे. वडिलांना मात्र नातीनं हाताला धरून स्वतःच्या डॉक्टरांकडे नेलं. "आबा, ते मोजतात आणि आरसा दाखवतात, बास." ते गेले. साठ वर्षांत पहिल्यांदा, काही दुखत नसताना.

उपचारानंतर सहा महिन्यांनी त्या अभ्यासासाठी तोच फॉर्म परत आला. पहिल्या नऊ प्रश्नांवर मी भराभर 'कधीच नाही'वर खुणा करत गेलो. अकराव्यावर अडलो. बायकोला विचारलं, "काय लिहू?" तिनं कागद माझ्या हातातून घेतला, प्रश्नातल्या 'तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला' यातल्या 'तुम्हाला'खाली पेनानं एक रेघ ओढली, आणि कागद मला परत दिला.