अलम्नाय, क्रायटेरिया आणि आपली लेकरं

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी सुरू झाली की आमच्याकडच्या कॉलेजांत एकच प्रश्न सारखा कानावर येतो, ‘सर, तुमच्याकडं कोणता क्रायटेरिया?’ कुणाकडं क्रायटेरिया टू, कुणाकडं फाइव्ह. फायलींच्या पाठीवर, कपाटांवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावात तेच. नॅकच्या पुस्तिकेत मात्र प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ‘क्रायटेरियन’ छापलेलं असायचं. एक निकष असेल तर क्रायटेरियन, सातही मिळून क्रायटेरिया. पाचव्यात माजी विद्यार्थ्यांचा भाग यायचा, म्हणून त्याच हंगामात गावात बॅनर लागायचे. एकट्या माणसाचा फोटो आणि खाली ‘प्राउड अलम्नाय’, म्हणजे एकट्या माजी विद्यार्थ्याला अनेकवचन.

मी परभणी जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो आणि या विषयावर मला बरेच दिवस मोकळेपणानं लिहायचं होतं. लॅटिनमधून, आणि लॅटिनच्या वाटेनं ग्रीकमधून, इंग्रजीत आलेल्या शब्दांची एकवचनं-अनेकवचनं आपल्याकडं एक तर शिकवलीच जात नाहीत, नाही तर लेकरांना घाबरवायला वापरली जातात. ‘समोरच्याला समजलं ना, मग झालं’ म्हणणारे शिक्षक जेवढं नुकसान करतात, तेवढंच ‘लॅटिनमध्ये असं नसतं’ म्हणून लाल शाई ओढणारेही करतात. माझं म्हणणं सरळ आहे. हे शब्द कारणासकट शिकवा, आणि चूक-बरोबर ठरवताना आजच्या चांगल्या इंग्रजीकडं बघा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमला विचारायला जाऊ नका.

शिकवायला फार काही लागत नाही. शेवटी ‘अस’ असेल तर पुष्कळदा ‘आय’ होतो: फंगसचं फंजाय, न्यूक्लियसचं न्यूक्लियाय, रेडियसचं रेडियाय. ‘अम’चं ‘आ’ होतं: बॅक्टेरियमचं बॅक्टेरिया, ओव्हमचं ओव्हा. ‘आ’चं ‘ई’: लार्व्हाचं लार्व्ही, व्हर्टिब्राचं व्हर्टिब्री. ‘इस’चं ‘ईज’: अ‍ॅक्सिसचं अ‍ॅक्सीज, थिसिसचं थिसीज. ग्रीक ‘ऑन’चंही ‘आ’च होतं, त्यात क्रायटेरियन, फिनॉमेनन आणि मायटोकॉन्ड्रियन येतात. लातूरला नीटच्या तयारीला बसलेल्या लेकरांना यातले बहुतेक शब्द पाठ असतात. पण ते वेगवेगळ्या धड्यांत सुटे सुटे भेटतात. फुप्फुसातले अ‍ॅल्व्हिओलाय, बुरशीतले फंजाय आणि वर्तुळातले रेडियाय यांच्या शेवटाला एकच नियम आहे, हे त्यांना कुणी कधी सांगत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. जीवशास्त्र शिकवणारे आणि इंग्रजी शिकवणारे एका स्टाफरूममध्ये चहा पितात, पण या अर्ध्या तासाची जबाबदारी कुणाचीच नसते.

काही शब्दांत हा फरक थेट अर्थावर येतो. मृगाच्या तोंडावर सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी आपण रायझोबियमचं पाकीट आणतो. आत जिवाणू कोट्यवधी, नाव मात्र एकवचनी, कारण ते त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव आहे. प्रजातीला इंग्रजीत जीनस म्हणतात, आणि इथं ‘अस’चा नियम चालत नाही. जीनसचं अनेकवचन जेनेरा. तिच्या पोटातली जाती म्हणजे स्पीशीज, तो शब्द एकालाही तोच आणि अनेकांनाही तोच. ‘स्पीशी’ असं एकवचन करायला गेलात तर नाण्यांच्या पैशाला वापरला जाणारा वेगळाच शब्द हाती येतो. झुरळाच्या मिशा म्हणजे अँटेनी, घराच्या छतावर असायचे ते अँटेनाज. पुस्तकाच्या मागची परिशिष्टं अपेंडिसीज, पोटातल्या आतड्याच्या शेपटीचं बोलत असाल तर अपेंडिक्सेसही चालतं. माध्यमं म्हणजे मीडिया, पण मेलेल्यांशी बोलून देतो म्हणणारी माणसं मीडियम्स. इंग्रजीनं एकाच शब्दाची दोन अनेकवचनं ठेवली आणि त्यांना वेगवेगळी कामं वाटून दिली. असे शब्द दाखवले की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा मान वर करतं.

आता दुसऱ्या टोकाकडं येतो, कारण माझा जास्त राग तिकडं आहे. ‘अस’ दिसला की ‘आय’ लावायचा, हे थोडं शिकलेल्या माणसाचं अतिशहाणपण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण ठेवतो ते स्टेटस, आणि प्रॉस्पेक्टस, अ‍ॅपरेटस, सेन्सस हे शब्द लॅटिनमध्ये वेगळ्या गटातले आहेत. त्यांचं अनेकवचन लॅटिनमध्येही ‘अस’नंच संपतं, फक्त स्वर लांबतो. म्हणून ‘प्रॉस्पेक्टाय’ हे इंग्रजीतही चूक आणि लॅटिनमध्येही चूक. इंग्रजीत सरळ प्रॉस्पेक्टसेस म्हणावं. व्हायरस हा लॅटिनमध्ये विष, चिकट द्रव अशा अर्थाचा न मोजता येणारा शब्द होता, जुन्या लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन सापडतच नाही. इंग्रजीत व्हायरसेस. ऑक्टोपस मुळात ग्रीक, त्याला लॅटिनचं शेपूट लावून ‘ऑक्टोपाय’ करण्याला मुळाचा कसलाच आधार नाही. इग्नोरॅमस तर नामसुद्धा नव्हतं. ‘आम्हाला माहीत नाही’ असं ते लॅटिन क्रियापद आहे. इंग्लंडमधले ज्यूरी पुरावा अपुरा वाटला की आरोपपत्रावर तेवढंच लिहीत, आणि पुढं अडाणी माणसाला ते नाव पडलं. त्याचं ‘इग्नोरॅमाय’ करणार तरी कसं?

आणि सिलॅबस! या शब्दाची गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगतो. ग्रीकमध्ये ‘सित्तुबा’ असा एक शब्द होता. गुंडाळलेल्या ग्रंथाला बाहेरून जी चामड्याची चिठ्ठी लावत, ज्यावर ग्रंथाचं नाव असे, तिचं ते नाव. रोमन वक्ता सिसेरो यानं अ‍ॅटिकस या मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो आला. 15व्या शतकात ही पत्रं छापली गेली तेव्हा तो चुकीचा वाचला गेला आणि ‘सिलॅबोस’ छापला गेला. त्या छपाईच्या चुकीतून आजचा सिलॅबस जन्मला. जो शब्द लॅटिनमध्ये धड कधी नव्हताच, त्याचं ‘शुद्ध लॅटिन’ अनेकवचन सिलॅबाय आहे म्हणून ‘सिलॅबसेस’वर फुली मारणारे लोक मी पाहिलेत. शब्दकोशात दोन्ही आहेत. दोन्ही बरोबर आहेत.

आपण रोज ज्या एसटीच्या बसनं जातो तो ‘बस’ शब्द बघा. मूळ ऑम्निबस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सगळ्यांना, सगळ्यांसाठी’. पॅरिसमध्ये 1828 साली आणि लंडनमध्ये 1829 साली कुणीही बसावं अशा घोडागाड्या या नावानं सुरू झाल्या. मग लोकांनी पुढचं तोडलं आणि नुसता विभक्तीचा शेवट ठेवला. ‘सगळ्यांना’मधलं ‘ना’ तोडून त्यालाच गाडीचं नाव द्यावं, तसं हे झालं. तो शब्द आधीच अनेकवचनी, तेही चतुर्थीत. पण इंग्रजीनं त्याला आपला ‘एस’ लावून बसेस केलं आणि जगाचं काहीही अडलं नाही. स्टॅमिनाही तसाच. पहाटे ग्राउंडवर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं ज्याला स्टॅमिना म्हणतात ते स्टॅमेनचं, म्हणजे धाग्याचं, अनेकवचन आहे. फुलातला पुंकेसर म्हणजे स्टॅमेन तो हाच. ग्रामसभेचा अजेंडा हेही मुळात अनेकवचन, ‘करायच्या गोष्टी’. आज कुणी ‘अजेंडम’ म्हणत नाही आणि म्हणूही नये.

हे आपल्याला समजायला अवघड का जावं? आपली मराठी दुसरं काय करते? संस्कृतात राजन् या शब्दाचं अनेकवचन राजानः. आपण राजे म्हणतो. आत्मानः न म्हणता आत्मे म्हणतो. बँका, फायली, सायकली म्हणताना इंग्रजीची परवानगी कुणी काढत नाही. फारसी-अरबीतून तर मराठीत शिवकाळाच्या आधीपासून शब्द येत राहिले, आणि मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. ‘अहवाल’ हे अरबीत ‘हाल’चं अनेकवचन आहे. ‘उमराव’ अमीरचं, ‘नबाब’ नाइबचं, ‘औलाद’ वलदचं अनेकवचन. आपण ‘एक अहवाल’ म्हणतो, ‘दोन अहवाल’ म्हणतो, आणि तहसीलमधल्या कुठल्याही साहेबानं ‘एकच असेल तर हाल लिहा’ असा शेरा मारलेला नाही. दुसऱ्या घरातून आलेला शब्द या घरात रुळला की तो या घरच्या चालीनं चालतो. स्टेडियम्स, म्युझियम्स, अल्बम्स, फोरम्स, कॅम्पसेस हे इंग्रजीत असे पुरते रुळलेले आहेत. बॅक्टेरियम, क्रायटेरियन, अलम्नस अजून तसे रुळलेले नाहीत, जाणते इंग्रजी लिहिणारे त्यांचा फरक आजही पाळतात, म्हणून आपणही पाळायचा. कसोटी एवढीच आहे, आणि ती शब्दकोश उघडून तपासता येते.

माझी एक विद्यार्थिनी जिंतूर तालुक्यातली. हुशार, कष्टाळू, घरात पहिली पदवीधर. एका मोठ्या शहरात नोकरीच्या मुलाखतीला गेली आणि स्वतःची ओळख करून देताना ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अलम्नाय’ म्हणाली. समोरच्यांपैकी एकानं मध्येच तोडलं, ‘अलम्नस म्हणायचं. एवढंही शिकवत नाहीत का तिकडं?’ पुढं तिला एक वाक्य धड बोलता आलं नाही. तिनं फोनवर मला विचारलं, ‘सर, माझं इतकं चुकलं होतं का?’ तिचं चुकलं होतं, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. पण त्या माणसाची दुरुस्तीही चुकली होती. अलम्नस म्हणजे पुरुष. ती अलम्ना. त्याला लॅटिन येत नव्हतं आणि सभ्यताही येत नव्हती, तरी त्या टेबलावर तो परीक्षक होता. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक नाही अशा लेकरांना शब्दाच्या शेपटीवरून हाकलून देणारी माणसं बघितली की माझं रक्त तापतं. आणि तेवढीच चीड आपल्या लोकांची येते, जे वर्षानुवर्षं तिला शिकवत होते आणि हे चार शब्द फळ्यावर लिहायला ज्यांना वेळ झाला नाही.

म्हणून लिहून ठेवतो. एक माजी विद्यार्थी अलम्नस, एक माजी विद्यार्थिनी अलम्ना. अनेक पुरुष किंवा मुलं-मुली मिळून अलम्नाय. फक्त मुली असतील, महिला महाविद्यालयाचा मेळावा असेल, तर अलम्नी. आपल्याकडं सर्रास ‘अलुम्नी’ म्हणतात. इंग्रजीच्या रूढ उच्चारात तो पुरुषांना किंवा मिश्र गटाला चालत नाही, पण जुन्या रोमन उच्चाराप्रमाणं मात्र पुरुषांचं अनेकवचन ‘अलुम्नी’ आणि स्त्रियांचं ‘अलुम्नाय’, अगदी उलटं. तेव्हा उच्चारावरून कुणाचं तोंड बंद करू नका, लेखनात फरक सांभाळा. हल्ली ‘अलम’ असं छोटं, स्त्री-पुरुष दोघांना चालणारं रूपही वापरतात. तुरटीच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंगही तेच आहे, पण संदर्भानं गोंधळ होत नाही. माजी विद्यार्थ्यांचे हे सगळे शब्द लॅटिनमधल्या ‘पोसणं’ या अर्थाच्या धातूपासून आलेत. अलम्नस म्हणजे पोसलेलं लेकरू, आणि ज्या संस्थेनं पोसलं ती अल्मा मेटर, पोसणारी आई. हे एकदा सांगितलं की विद्यार्थी विसरत नाही. आणि बॅनर मराठीत ‘माजी विद्यार्थी मेळावा’ लिहिला तर फारच उत्तम.

राहिला डेटा, कारण पीएचडी करणारे सारखं विचारतात. मूळ डेटम, ‘दिलेली गोष्ट’, त्याचं अनेकवचन डेटा. रोजच्या इंग्रजीत, संगणकाच्या क्षेत्रात आणि पुष्कळ वर्तमानपत्रांत ‘डेटा इज’ आता पूर्ण मान्य आहे. अनेक शास्त्रीय नियतकालिकांत ‘डेटा आर’ लागतं. तुमचा लेख जिथं जाणार तिथले नियम वाचा, त्याप्रमाणं एकच रूप धरा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. गाइडनी ‘इज’ खोडलं तर त्यांना त्या नियतकालिकाची सूचना दाखवा. क्रायटेरिया, फिनॉमेना आणि हायपॉथेसीज यांच्यापुढं मात्र ‘आर’च लिहायचं, तिथं सवलत नाही.