गुंठ्याच्या भावापलीकडे

आमच्या मालवणकडच्या गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच वाद कायम पेटलेला असतो: बाहेरच्यांना जमिनी विकायच्या की नाही. काही म्हणतात, पोरं मुंबईला, घरं कुलूपबंद, मग येऊ देत रिसॉर्टवाले. काही म्हणतात, एक गुंठाही देऊ नका. इथे कॅनडात ते वाचताना मला फोगो आयलंड आठवतं. उद्या गावात धंदा उभा राहिलाच तर त्याचा मालक कोण असेल, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. फोगोवर तो आधी विचारला गेला.

न्यूफाउंडलंडच्या ईशान्येचं हे बेट कॉड माशावर जगायचं. 1960च्या दशकात सरकार अशा लहान वस्त्या उठवून माणसं दुसरीकडे हलवत होतं. 1967 मध्ये नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेच्या लोकांनी बेटकऱ्यांचं म्हणणं चित्रित केलं आणि त्यांचं त्यांनाच दाखवलं. त्यातून वाड्यावाड्यांतली माणसं एकत्र आली, सहकारी संस्था निघाली, मोठ्या बोटी बेटावरच बांधल्या गेल्या आणि उठायची वेळ टळली. पण 1992 मध्ये कॉडच्या मासेमारीवरच बंदी आली आणि तरुण बाहेर पडले.

झिटा कॉब ही तिथल्याच मच्छीमाराची मुलगी. तंत्रज्ञान कंपनीत भरपूर कमावून ती परतली आणि भावांबरोबर तिने शोरफास्ट ही धर्मादाय संस्था काढली. संस्थेचं 29 खोल्यांचं हॉटेल 2013 मध्ये सुरू झालं. वास्तुरचनाकार टॉड सॉन्डर्स मूळचा जवळच्या गँडरचा. त्याने जुन्या घराची नक्कल केली नाही. इमारत आजची आहे, पण तिथल्या मच्छीमारांच्या मासळी साफ करायच्या लाकडी खोपींसारखी खडकावर बारीक खांब रोवून उभी आहे. बाहेरून आलेल्या डिझायनरांनी आराखडे केले, ते बेटावरच्या सुतारांनी घडवले. पलंगांवरच्या गोधड्या तिथल्याच बायकांनी शिवलेल्या. उरलेला नफा बेटाच्या कामांसाठी जातो, आणि पाहुण्याचे पैसे कशावर खर्च होतात, त्यातले किती बेटावर राहतात, हे संस्था छापून सांगते.

भाडं मात्र मला खुपतं. रात्रीचे दोन हजार डॉलरहून जास्त देणं सामान्य कॅनेडियनलाही झेपत नाही. कोकणाने ते उचलू नये.

उचलायची ती कारागिराबद्दलची कदर. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, रुंद पडवी हे सगळं आपल्या पावसाने शिकवलेलं आहे. ते पाडून आपण सिमेंटचे ठोकळे उभारतो, वर गळती लागली की पत्रे घालतो. सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकूडकाम करणारे कारागीर इतक्या जवळ असताना खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या का असाव्यात?

सहकार महाराष्ट्राला नवा नाही. साखर आणि दूध आपण त्यावरच उभं केलं. मग तीन-चार वाड्यांनी मिळून आपलीच कुलूपबंद घरं दुरुस्त करावीत, गावचे गवंडी-सुतार लावावेत आणि पाहुण्यांसाठी ती चालवावीत. आम्ही परदेशातले आणि मुंबईतले चाकरमानी भांडवल घालू, पण मोठा हिस्सा आणि शेवटचा शब्द गावात बारमाही राहणाऱ्यांचाच हवा.